रबरी चटईवरच्या रेघा

धर्मपाल गजभियेला ऑफिसात सगळे 'शौकीन' म्हणत. शिपाई म्हणत, बाबू म्हणत, एखादा साहेबही लहर आली की म्हणे, "आज कौनसा लगाए हो, शौकीन भैया?" धर्मपाल मान तिरकी करून हसे आणि चंदन, हिना, जे असेल ते सांगून टाके. पंचवीस वर्षांच्या नोकरीत कानात अत्तराचा फाया न घालता तो एक दिवसही घराबाहेर पडला नव्हता. लोकांना वाटे, काय हौस आहे या माणसाला! पण हौसेच्या माणसाचा हात अत्तर लावताना थरथरत नाही, धर्मपालचा थरथरे. तो अत्तर लावायचा ते निव्वळ भीतीपोटी, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोला, कांताबाईलाही ठाऊक नव्हती.

भीती एका वाक्याची होती. ते वाक्य त्यानं नवव्या वर्षी ऐकलं होतं आणि पुन्हा कधीही, कुणाच्याही तोंडून ऐकायचं नाही, एवढ्यासाठी त्याचा सारा आटापिटा चालला होता.

झालं होतं असं. धर्मपालचे वडील रायपुरात रेल्वेच्या वॅगन कारखान्यात कामाला होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, मान ताठ ठेवून चालणारे गृहस्थ. धर्मपाल चौथीत होता आणि शेखर नावाचा त्याचा वर्गमित्र ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात, राहत होता. शेखरकडे नवा कॅरम आला. त्यानं बोलावलं म्हणून धर्मपाल गेला, आणि काय थाटात गेला! आईनं लाल साबण लावून दोनदा अंघोळ घातली, लोट्यात निखारे टाकून सदऱ्याला इस्त्री केली, डोक्यावर तेल थापलं. दोघं ओसरीवर खेळायला बसले. तेवढ्यात शेखरची आई बाहेर आली, दोघांकडे पाहिलं, नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "जरा दूर सरकून बस रे बाबा. वास येतो तुझ्या अंगाला."

धर्मपाल सरकला. मग आणखी सरकला. मग उठून घरी आला. वळून पाहिलं तेव्हा बाई ओल्या फडक्यानं कॅरम पुसत होत्या.

आता त्या बाईंना वास कशाचा आला, हे तुम्हाआम्हाला कळतं. वास आडनावाचा होता आणि तो त्यांच्याच नाकात होता. पण नऊ वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार? त्याला ते खरंच वाटलं. घरी सांगितलं असतं तर वडील तडक ब्राह्मणपाऱ्यात जाऊन त्या दारात उभे राहिले असते. पण धर्मपालनं सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं, बाबांनी आपल्याला हुंगून पाहिलं आणि खरंच वास आला तर?

तेव्हापासून हे सुरू झालं. आधी पावडर, मग पहिल्या पगारात गोलबाजारातल्या अत्तरवाल्या चाचांकडून चंदनाची कुपी. नोकरी सरकारी, काम रेकॉर्डरूमचं, बसायचं व्हरांड्यात. मोकळी हवा, दोन्ही बाजूंनी वारा. तिथं एका फायावर भागत होतं.

मग भोपाळपासून वेगळं राज्य झालं. फटाके फुटले, मिठाई वाटली गेली, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून साहेब लोकांचे ट्रकच्या ट्रक सामान घेऊन आले. धर्मपालच्या जुन्या चार मजली इमारतीत नवे विभाग आले आणि नव्या विभागांसाठी लिफ्ट बसली. लिफ्टवर कुणाला बसवायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मोठे बाबू म्हणाले, "शौकीन को बिठाओ, साफसुथरा आदमी है." झालं. व्हरांड्यातून उचलून माणसाला पाच बाय चारच्या लोखंडी डब्यात बसवलं. वर जाळीत एक पंखा होता, तो दुसऱ्याच आठवड्यात बंद पडला. डब्यात एका वेळी सहा माणसं, खांद्याला खांदा लावून, आणि साऱ्यांची नाकं धर्मपालच्या मानेपाशी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पहिले काही दिवस तो श्वास रोखूनच लिफ्ट चालवत असे. कुणी नाक चोळलं की तो हळूच मान मागं घेई. कुणी शिंकलं की वाटे, आला, आता बोलणार. एखाद्याला नुसती सर्दी असली तरी धर्मपालचा दिवस वाया जायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तशातली गत.

मग त्यानं एक युक्ती काढली. लिफ्टच्या जमिनीवर काळी रबरी चटई होती, आणि तिच्यावर आडव्या उंचवट्यांच्या रेघा होत्या. त्याच्या स्टुलापासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजून चोवीस. तो खाली मान घालून बसे आणि आत आलेला माणूस कितव्या रेघेवर उभा राहिला ते पाही. एकटा माणूस चढला की हिशेब सोपा. सहाव्या-सातव्या रेघेवर उभा राहिला तर ठीक. पंधराव्यावर गेला तर धर्मपालच्या तळहाताला घाम सुटे. घरी आला की जुन्या डायरीत तो सारं लिहून ठेवी. आज कोणतं अत्तर, आपल्याला ते कसं वाटलं, दहापैकी किती, आणि शेवटी रेघा.

डायरी वाचण्यासारखी होती. या माणसाला नाक होतं, आणि भीती नसती तर त्यानं त्या नाकाचं सोनं केलं असतं.

'चंदन. सज्जन आहे. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण जेवणाच्या सुट्टीनंतर कामावर सापडत नाही. दहापैकी सात. रेघा आठ.'

'गुलाब. लोक विचारतात, कोणाचं लग्न आहे. दहापैकी चार. रेघा नऊ.'

'मोगरा. दहा वाजता छान, बारा वाजता गोड, दोन वाजता डोकं धरते. दहापैकी पाच. रेघा अकरा.'

'केवडा. मिठाईवर ठीक आहे. माणसावर नको. दहापैकी दोन. रेघा तेरा, एक बाबू तर पुढच्या मजल्यावर उतरूनच गेला.'

'हिना. थंडीत गोधडीसारखी ऊब देते. मे महिन्यात लावली तर अंगात ताप आहे असं वाटते. दहापैकी आठ, फक्त पौषात. रेघा सात.'

'मातीचं अत्तर. नव्या माठाचा वास. मन शांत होते. पण तीन जणांनी खाली पाहिलं, पाणी कुठं सांडलं म्हणून. दहापैकी आठ. रेघा दहा.'

'अश्विननं दिलेला ऊद.' अश्विन म्हणजे त्याचा भिलाईच्या प्लांटमधला भाचा. 'फार श्रीमंत वास आहे. आपण कोणाचे तरी कपडे घालून आलो असं दिवसभर वाटत राहिलं. दहापैकी सहा. रेघा आठ.'

टीव्हीवर जाहिरात येते त्या फवाऱ्याबद्दल एवढंच लिहिलं होतं: 'डास मरतील.'

आणि एका पानावर: 'खस. दहापैकी दहा.' लहानपणी वडील त्याला एकदा रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यावर निरोप द्यायला घेऊन गेले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आत दाराला खसाची, म्हणजे वाळ्याची, ओली ताटी. त्या दारात तो मिनिटभर उभा राहिला होता. खसाच्या अत्तराची कुपी उघडली की ते दार उघडे. पण ते अत्तर त्यानं लिफ्टमध्ये एकदाच लावलं. कुणीतरी म्हणालं, "अरे वा, लिफ्ट में कूलर लग गया क्या?" आणि सगळे हसले. मागच्या रेघांवर कुणी सरकलं नव्हतं, हसण्यात वाईटही काही नव्हतं. तरी धर्मपालनं ती कुपी कपाटात मागच्या बाजूला सारली ती कायमची. त्याला आवडे ते लावायचं नाही आणि चालेल ते लावायचं, असा नेमच होऊन गेला.

राज्याला तीन वर्षं होत आली तेव्हा, ऑक्टोबरात, चौथ्या मजल्यावर नव्या उपसंचालक बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, नागपूरच्या. केबिनबाहेर पाटी लागली: श्रीमती पद्मजा वझलवार. धर्मपालनं पाटीवरचं ते ब्राह्मणी आडनाव वाचलं, आणि ब्राह्मणपाऱ्यातली ओसरी, कॅरम, ओलं फडकं सारं डोळ्यांपुढे उभं राहिलं. या नव्या बाईंचा बिचाऱ्यांचा त्यात काय दोष? पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

पहिल्या दिवशी बाई लिफ्टमध्ये आल्या, "चौथा" म्हणाल्या, आणि दुसऱ्या क्षणाला त्यांनी पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला.

धर्मपालच्या हाताखालचं बटण गारठलं. त्यानं खाली पाहिलं. बाईंच्या चपला बाविसाव्या रेघेवर होत्या.

त्या दिवशी हिना होती. दुसऱ्या दिवशी त्यानं चंदन लावलं, दोन फाये. बाईंनी रुमाल लावला, तेविसावी रेघ. तिसऱ्या दिवशी गुलाब, कानात, गळ्यावर आणि मनगटावर. बाई भिंतीला चिकटल्या. चोवीस. चोवीसच्या पुढं रेघच नव्हती. डायरीत अत्तरांच्या नावापुढं गुण लिहायचं त्यानं सोडून दिलं, नुसतं 'रुमाल, रुमाल' असं लिहून तो पान उलटे. जितका रुमाल घट्ट, तितकं दुसऱ्या दिवशी अत्तर जास्त. इतका शहाणा माणूस, पण उलटं करून पाहावं हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही. कसं येणार? अत्तर कमी करायचं म्हणजे खाली जे आहे ते उघडं करायचं, आणि खाली काय आहे हे शेखरच्या आईनं ओसरीवर सांगून ठेवलं होतं.

गोलबाजारात चाचा म्हणाले, "मियां, एक फाया बहुत है. तीन में तो बारात निकल जाती है." धर्मपाल हसला आणि आणखी दोन कुप्या घेऊन आला.

पंधरा दिवसांनी मॅडमनी लिफ्ट सोडली. चार मजले जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर दारं उघडली की धर्मपालला त्या दिसत, कठड्याला धरून उभ्या, धापा टाकत. दोघांची नजरानजर झाली की बाई नजर वळवत. जीव गेला तरी चालेल, पण याच्या डब्यात पाय ठेवणार नाही! धर्मपालनं त्याचा अर्थ असा लावला, आणि तो अर्थ घेऊन घरी गेला. रात्री अन्न उतरेना. कांताबाई म्हणाली, "काहून जेवून नाई राहिले?" तो म्हणाला, "पोट बरं नाई." रोजच पोट बरं नसायला लागलं.

मग तुळशीरामनं बातमी आणली. तुळशीराम हा दुसऱ्या मजल्यावरचा शिपाई, धर्मपालचा जुना दोस्त. म्हणाला, "मॅडम तुझ्याबद्दल विचारत होत्या बे. लिफ्टवाल्याचं नाव काय, कधीपासून आहे, स्वभावानं कसा आहे."

"काहून?"

"मले काय मालूम? बोलायचं आहे म्हणे त्याच्याशी."

बोलायचं आहे. धर्मपालला पुढचं वाक्य पाठ होतं. चाळीस वर्षं जे टाळलं ते आता भर ऑफिसात, मराठीत, स्वच्छ शब्दांत कानावर येणार. तेलीबांध्याच्या तळ्याकाठानं सायकल हाकत घरी येताना त्याला वाटलं, सरळ पाण्यात घालावी. मग वाटलं, चेतनाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. चेतना त्याची मुलगी. तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दार लावून घेतलं आणि चंदनावर हिना, हिनावर ऊद असं चढवलं. कानात, गळ्याला, छातीवर, बनियनला, सदऱ्याच्या बगलांना. बाहेर आला तर चेतना म्हणाली, "पापा, आप तो पूरी दुकान लग रहे हो!" त्याला तेवढ्यानंही धीर आला. दुकानच लागू दे, माणूस लागायला नको.

अकराच्या सुमाराला तळमजल्यावर दारं उघडली आणि समोर पद्मजा मॅडम. हातात खाली येऊन रेकॉर्डरूममधून घेतलेल्या जाडजूड फायली, वर सचिवांची बैठक, जिना चढायला वेळ नाही. त्या क्षणभर थबकल्या, रुमाल काढला आणि आत आल्या. दोघंच. धर्मपालनं चारचं बटण दाबलं. पहिला मजला गेला. दुसरा येता येता खडखड झाली, एक हिसका बसला आणि लिफ्ट थांबली. दिवा गेला, मग अर्धवट आला.

असं महिन्यातून एकदा होई. मेकॅनिकला बोलवायचं, तो वर जाऊन चाक फिरवायचा, अर्धा तास लागायचा. धर्मपाल तेच सांगायला वळला, तर मॅडमच्या हातातल्या फायली खाली पडल्या होत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. ओठ पांढरे.

"मॅडम! काय झालं मॅडम?"

"दमा..." एवढंच त्या बोलल्या. मग धर्मपालकडे बोट केलं. "अत्तर... सहन... नाही होत. कोणतंच." मग बोट वर केलं. "पंप... पर्समध्ये... वर."

धर्मपालला सगळं एकदम कळलं. पंधरा दिवसांचा रुमाल कळला, जिना कळला. आपण या बाईला रोज थोडं थोडं मारत होतो, आणि आज तीन थरांचं मरण अंगावर घेऊन तिच्यासोबत कोंडले गेलो आहोत, हे कळलं. आजवर तो पुष्कळ भ्याला होता. पण हे भय वेगळं होतं, यात तो स्वतः कुठंच नव्हता.

त्यानं बोटं खुपसून आतली दारं फाकवली. समोर भिंत होती, पण वर, छातीच्या उंचीला, दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या दाराची खालची कड दिसत होती. तिचा खटका कुठं असतो ते लिफ्टवाल्याला माहीत असतं. त्यानं तो दाबून दार हातभर सरकवलं. बाहेरची हवा आत आली. "तुळशीराम!" तो ओरडला, इतक्या मोठ्यानं तो जन्मात ओरडला नव्हता. "मॅडमची पर्स आण! केबिनमधून! पळ बे, पळ!" वर पावलं धावली.

पण हवा येऊन उपयोग काय? अत्तर तर आत होतं, त्याच्याच अंगावर. आता ते काढायचं, म्हणजे सदरा काढायचा. धर्मपालचा हात पहिल्या गुंडीपाशी गेला आणि थांबला. चाळीस वर्षांत तो कुणासमोर बिनवासाचा उभा राहिला नव्हता. बायकोसमोरसुद्धा नाही. मागं शिटीचा आवाज बारीक होत चालला होता.

त्यानं गुंड्या तोडल्या. सदरा काढून फटीतून बाहेर फेकला. बनियन काढलं, तेही फेकलं. कानातले फाये उपटले. स्टुलाखालच्या बाटलीतलं पाणी गळ्यावर, छातीवर ओतून खसाखसा चोळलं. मग उघड्याबंब अंगानं त्यानं मॅडमना धरून फटीपाशी आणलं, पडू नयेत म्हणून आपला हात आडवा दिला, आणि मान दुसरीकडे वळवून, दातांवर दात रोवून उभा राहिला. बाईंनी त्याच्या हाताला अशी काही मिठी मारली की नखं रुतली. त्या फटीला तोंड लावून हवा ओढत होत्या, आणि त्यांचं डोकं त्याच्या खांद्याला टेकलं होतं.

तुळशीराम पर्स घेऊन आला. पंप तोंडात गेला, एकदा, दोनदा. हळूहळू शिटी थांबली. बाई स्टुलावर बसल्या. वर मेकॅनिकला फोन लागल्याचा ओरडा ऐकू आला. धर्मपाल झटकन मागं सरला आणि समोरच्या भिंतीला जाऊन चिकटला. चोविसावी रेघ.

"तिथं कशाला जाता?" मॅडम म्हणाल्या. "हवा इथं आहे. इकडे या."

तो हलला नाही. बाई दम खात बोलू लागल्या. "चूक माझीच आहे. आधीच सांगायचं. पण नवी नेमणूक, म्हटलं आजारी बाई म्हणून परत पाठवतील. आणि तुम्हाला सगळे शौकीन म्हणतात. माणसाला सांगायचं कसं, तुमची हौस बंद करा म्हणून? कालच ठरवलं होतं, बोलू एकदा."

धर्मपालनं भिंतीकडे अंग चोरलं. पण आता सदरा नव्हता, फाया नव्हता, लपवायला काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, एक इचारू काय?"

"विचारा ना."

"राग नका मानू. खरं सांगा." त्याचा आवाज चौथीतल्या पोराचा झाला. "माया अंगाले वास येते काय?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हसण्यावारी न्यावं की काय, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं असावं, पण त्याचा चेहरा पाहून त्यांनी नेलं नाही. त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत रेघा ओलांडत त्याच्याजवळ आल्या आणि नाकानं एक श्वास घेतला. आत्ता आत्ता परत मिळालेला श्वास.

"घामाचा येतो," त्या म्हणाल्या. "माझ्याही अंगाला येतोय. इतका वेळ कोंडून आहोत, येणारच की."

"अन दुसरा कशाचा?"

"दुसरा कशाचा येणार?"

धर्मपाल बटणांच्या पाटीकडे तोंड करून रडला. त्याच्या हातावर आपल्या नखांचे वळ उमटलेले पाहून बाईंनी तिथं नुसता हात ठेवला, आणि लिफ्ट हलेपर्यंत तो तसाच होता.

दुसऱ्या मजल्यावर दारं उघडली तेव्हा अर्धं ऑफिस जमलं होतं. उघडा धर्मपाल, आणि उपसंचालक बाईंचा हात त्याच्या हातावर. तुळशीरामनं सदरा पुढं केला तशा मॅडम ओरडल्या, "तो नको! तो सोडून काहीही द्या त्यांना!" तुळशीरामनं खांद्यावरचा गमछा दिला.

त्या संध्याकाळी धर्मपालनं कांताबाईला सगळं सांगितलं. कॅरम, फडकं, रेघा, सगळं. ती पोळपाटावरचा हात थांबवून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा रागानं लाल झाला.

"बावीस वर्सं तुमच्या बाजूनं झोपली मी," ती म्हणाली. "मले काहून नाई इचारलं?"

"तू खरं सांगशील म्हणून भेव वाटे."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पोळी लाटायला घेतली, ती वेडीवाकडी झाली.

दुसऱ्या दिवशी तो फाया न घालता निघाला. भीती एका दिवसात जाते असं कुणी म्हणेल तर खुशाल म्हणो. तात्यापाऱ्याच्या गर्दीत सिग्नलला शेजारी स्कूटर उभी राहिली तेव्हा त्यानं सायकल दोन हात बाजूला घेतली. लिफ्टमध्ये पहिला माणूस चढला तेव्हा त्यानं श्वास रोखलाच. माणूस सहाव्या रेघेवर उभा राहिला. चंदनाला आठ होत्या. दुसरा पाचव्या. साडेदहाला मॅडम आल्या, हातात रुमाल नव्हता. "काय धर्मपालजी, चौथा," म्हणाल्या आणि त्याच्या स्टुलाला अगदी खेटून उभ्या राहिल्या. धर्मपालनं सवयीनं खाली पाहिलं. मध्ये एकही रेघ नव्हती.

डायरीत त्यानं तारीख टाकली. अत्तराच्या नावाची जागा कोरी सोडली, पुढं काही लिहिलं नाही.

रविवारी सकाळी अंघोळ करून त्यानं कपाटाच्या मागच्या बाजूला हात घातला. खसाची कुपी धुळीनं माखली होती. फडक्यानं पुसून त्यानं उघडली, कापूस बुडवला आणि कानात ठेवला. या खेपेला हात थरथरला नाही असं नाही, पण कमी थरथरला. मग तो दारात खुर्ची टाकून बसला.

कांताबाई भाजी घेऊन येत होती. जवळ आली, थांबली, एक मोठा श्वास घेतला.

"आज अत्तर?" ती म्हणाली. "कुठी चालले?"

"कुठीच नाई," धर्मपाल म्हणाला.